सपाट १०० किमी, दुपारची भरती आणि ६४ व्या किमीवरचा निर्णय : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

नाव, गाव, रेसचं नाव काहीच देत नाही. रनरला आम्ही सगळे ताई म्हणतो, तेच इथे वापरतो. वय ४६, वजन ५८ च्या आसपास, धावायला लागून बरीच वर्षं झालीत, डोंगरातल्या दोन ५० किमी आणि एक ७५ किमी झालेल्या आणि तिन्ही व्यवस्थित झालेल्या. म्हणजे नवखी बाई नाही. क्रूमध्ये, म्हणजे रेसभर तिच्या मदतीला, तिचा धाकटा भाऊ आणि मी. भावाकडे गाडी आणि सामान, माझ्याकडे वही. त्या वहीतल्या वेळांवरूनच हे लिहितोय.

रेस १०० किमीची, पहाटे ५ ला सुरू, एकूण कटऑफ (म्हणजे संपवायची शेवटची वेळ) १६ तास म्हणजे रात्री ९. पूर्ण मार्गावर चढ मिळून ३०० मीटरपण नाही. पहिले २६ किमी समुद्रकिनारा, मग ६४ पर्यंत जंगलातल्या वाटा, ६४ ते ८२ परत किनारा, शेवटचे १८ जंगल. फॉर्म भरताना ताईचं वाक्य होतं, "डोंगरात ७५ झाले ना, मग सपाट १०० काय अवघड आहे?" असं बहुतेक सगळ्यांनाच वाटतं आणि आकडेही तसंच सांगतात, अल्ट्रामधले (मॅरेथॉनपेक्षा लांब रेसमधले) वेगवान विक्रम सपाटीवरच होतात. जपानमध्ये सारोमा तलावाच्या काठाने १०० किमीची रेस होते, तिथे २००० साली तोमोए आबेने ६ तास ३३ मिनिटं ११ सेकंदात १०० किमी पळून महिलांचा विश्वविक्रम केला होता. डोंगरात असला टाइम कोण काढणार!

पण सपाट वाट वेगवान असते म्हणून ती सोपी असतेच असं नाही. डोंगरात चढ आला की सगळे निमूट चालतात, कुणाला लाज वाटत नाही, हार्ट रेट खाली येतो, खायला वेळ मिळतो, उतारावर वेगळे स्नायू कामाला लागतात. सपाटीवर तेच पाऊल, तोच कोन, तोच स्नायू, लाखभर वेळा. आणि चाल असं सांगणारं कुणीच नाही. चालायचं कधी हे घड्याळ बघून आपणच ठरवायचं, आणि तेही पाय एकदम फ्रेश असताना, जेव्हा चालायची अजिबात इच्छा नसते. ताईच्या प्रकरणात पुढे जे झालं त्याची निम्मी मुळं इथे आहेत, बाकीची निम्मी पाण्यात. पाणी दोन्ही अर्थाने, समुद्राचं आणि बाटलीतलं.

प्लॅन काय होता

२५ मिनिटं पळायचं ६:४५ च्या पेसने (म्हणजे एका किमीला ६ मिनिटं ४५ सेकंद), ५ मिनिटं चालायचं १० च्या पेसने. अर्ध्या तासात ४.२ किमी होतात, म्हणजे सरासरी ७:०९ प्रति किमी, थांबे धरून साडेबारा तासात फिनिश. कागदावर अगदी शहाणा प्लॅन. पाणी दर २० मिनिटांनी घड्याळाचा अलार्म वाजला की २०० मिली, तासाला ६००. हा आकडा तिने ट्रेनिंगमध्ये मोजून काढला होता, पळायच्या आधी आणि नंतर वजन करून, तासाला साधारण ७०० मिली घाम जातो असं आलं होतं. फक्त ती मोजणी उन्हातली होती आणि सलग पळतानाची होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. खाणं तासाला ५५-६० ग्रॅम कार्ब, जेल आणि ड्रिंक मिळून. सोबत मिठाच्या कॅप्सूल.

भरती-ओहोटीचा तक्ता आयोजकांनी माहितीपत्रकात दिलेला होता. पहाटे ६:२० ला ओहोटी पूर्ण, दुपारी १२:३० ला भरती पूर्ण, संध्याकाळी पावणेसातला परत ओहोटी. अमावस्या दोनच दिवसांपूर्वी झालेली, म्हणजे उधाण, पाणी वरही खूप चढणार आणि खालीही लांब जाणार. आम्ही सगळ्यांनी तक्ता पाहिला आणि खूश झालो की सुरुवातीला ओहोटी आहे, ओली कडक वाळू मिळणार. दुसऱ्या किनाऱ्याला आपण किती वाजता पोचतोय आणि तेव्हा पाणी कुठे असेल, हा हिशोब मांडलाच गेला नाही. प्लॅनप्रमाणे ती ६४ ला दुपारी पावणेएकला पोचणार होती. म्हणजे भर भरतीत! सगळं ठरल्याप्रमाणे झालं असतं तर तिला सगळ्यात वाईट वाळू मिळाली असती.

अडचण कशी वाढत गेली

पहिले २६ किमी स्वप्नासारखे गेले आणि तिथेच घोटाळा झाला. ओली वाळू कडक, वारा पाठीमागून, उजाडतंय, आजूबाजूला सगळे पळतायत. ताईने पहिले तीन चालायचे ब्रेक सोडले आणि चौथ्यापासून अलार्मच बंद केला (चालायचा, पाण्याचा नाही). २६ ला ७:४५ ला पोचली, सरासरी ६:२०, प्लॅनच्या वीस मिनिटं पुढे. भाऊ टाळ्या वाजवत होता. तिथे पाय अर्ध्या मिनिटात बघता आले असते, पण ती थांबली नाही, दोन कप ड्रिंक उभ्या उभ्या प्यायली आणि जंगलात शिरली.

पाय का बघायला हवे होते? ९ व्या किमीला एक ओढा ओलांडावा लागतो, घोट्यापर्यंत पाणी. तिथून ती ओल्या मोज्यात १७ किमी वाळूवर पळाली होती. गेटर (बुटाच्या तोंडावर बसणारं कापडी आवरण) घातलेले होते, पण गेटर घोट्याच्या बाजूने येणारी वाळू अडवतात, बारीक वाळू बुटाच्या वरच्या जाळीतून आत येते आणि ती मोज्याच्या विणीत बसते. ओली, पांढरी पडलेली, मऊ झालेली कातडी, त्यावर पॉलिश पेपरसारखा मोजा. मोजे बदलायचे प्लॅनमध्ये ३९ ला होते कारण ड्रॉप बॅग (आधीच पाठवून ठेवलेली सामानाची पिशवी) तिथे होती. ३९ पर्यंत दोन्ही चवड्यांखाली फोड आलेले.

दुसरी गोष्ट उताराची. किनारा सपाट दिसतो पण पाण्याकडे तिरका असतो. समुद्र डावीकडे, म्हणून डावा पाय सतत खाली. २६ किमी तिरकं पळाल्यावर डाव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागलं, आयटी बँडवाली (मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत येणाऱ्या पट्ट्याची) ओळखीची जागा. ४५ व्या किमीला तिने आयबुप्रोफेनची एक गोळी घेतली, कुणाला न विचारता, कंबरेच्या पाऊचमधली.

तिसरी गोष्ट सगळ्यात शांतपणे होत होती. जंगलात सावली, ढगाळ हवा, आणि फोडांमुळे पेस साडेनऊच्या पुढे गेलेला. म्हणजे घाम ट्रेनिंगच्या मानाने बराच कमी. पण पाण्याचा अलार्म दर २० मिनिटांनी वाजतोय आणि ताई शिस्तीची बाई, अलार्म वाजला की २०० मिली. वर प्रत्येक एड स्टेशनला (वाटेवरच्या खाण्यापाण्याच्या थांब्याला) एकदोन कप. ५२ ला मला म्हणाली, "पोटात डचमळतंय, बहुतेक मीठ कमी पडतंय," आणि अजून एक कॅप्सूल घेतली, ती गिळायला अजून पाणी.

६४ ला ती १:५० ला आली. प्लॅनपेक्षा तासाभराने उशिरा. चेहरा जरा फुगलेला, बोटं सुजलेली, अंगठी फिरत नव्हती, मळमळ, जेल बघून तोंड फिरवलं. लघवी शेवटची कधी झाली विचारलं तर आठवेना, बहुतेक सकाळी. भाऊ म्हणाला डिहायड्रेशन आहे, पाणी द्या. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं असतं, कारण लघवी नाही म्हणजे पाणी कमी हेच डोक्यात असतं. सुदैवाने मेडिकल टेबलपाशी वजनकाटा होता आणि रेसच्या आधी सगळ्यांचं वजन बिबच्या (छातीवरच्या नंबरच्या) मागे लिहिलेलं होतं. सकाळी ५८.२. आता ५९.१.

नऊ तास पळून वजन वाढलं! हे व्हायलाच नको. इतक्या वेळात साठवलेलं इंधन जळतं, त्याच्यासोबत धरलेलं पाणी सुटतं, त्यामुळे एकदोन टक्के वजन कमी होणं हेच नॉर्मल. वाढलंय म्हणजे शरीर पाणी बाहेर टाकत नाहीये आणि आपण वरून भरतोय. यात रक्तातलं सोडियम पातळ होतं, १३५ (मिलिमोल प्रति लिटर) च्या खाली गेलं की त्याला हायपोनॅट्रिमिया म्हणतात आणि पुढे गेलं तर मेंदूला सूज येऊन माणूस जाऊही शकतो. हे दुर्मिळ प्रकरण वाटतं पण तसं नाही, २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ रनर्सचं रक्त तपासलं तर १३ टक्क्यांचं सोडियम १३५ किंवा त्याखाली निघालं होतं, आणि त्याच्याशी सगळ्यात घट्ट जोडलेली गोष्ट होती पळताना वाढलेलं वजन. मिठाच्या कॅप्सूलनी यातून सुटका होत नाही, मूळ भानगड मीठ कमी पडल्याची नसून पाणी जास्त झाल्याची असते. लांब पळताना शरीर पाणी धरून ठेवणारं हार्मोन सोडतं म्हणून लघवी होत नाही, आणि आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या किडनीचं पाणी बाहेर टाकायचं काम अजून अवघड करतात.

६४ वर समोर असलेले पर्याय

परिस्थिती अशी. वेळ १:५५. ६४ मधून ३ च्या आत निघायचं, ८२ ला साडेसहाच्या आत पोचायचं, फिनिश ९ च्या आत. डॉक्टर बाईंनी तिला प्रश्न विचारले, आज वार कोणता, १०० मधून ७ वजा करत जा, सरळ रेषेत चाल. सगळं नीट आलं. डोकं जड होतं पण जोरात दुखत नव्हतं, उलटी नाही, तोल ठीक. रक्ततपासणीची सोय तिथे नव्हती.

पर्याय एक, इथेच सोडायचं. यात लाज काहीच नाही आणि मी स्वतः आधी याच बाजूला होतो. वजन वाढलेलं, पायाला फोड, गुडघा दुखतोय, पुढे ३६ किमी. डॉक्टरांना गोंधळणं, उलटी, तोल जाणं यातलं एक जरी लक्षण दिसलं असतं तर पर्यायांची चर्चाच झाली नसती, बिब काढून थेट हॉस्पिटल.

पर्याय दोन, लगेच निघायचं. भावाचा आग्रह हाच. "ताई, ऊठ ना, बसलीस की पाय आखडतील, वेळ जातोय." ताईलाही तेच हवं होतं, वर दुसरी गोळी घेऊन. हा पर्याय कागदावर वाटतो तितका वेडेपणाचा नाही. रेसमध्ये खुर्चीत गेलेली मिनिटं परत मिळत नाहीत हे सगळ्या क्रूंना माहीत असतं.

पर्याय तीन, उरलेलं सगळं चालत जायचं. हे ऐकायला सगळ्यात सुरक्षित वाटतं. मी वहीत मांडलं, वाळूवर १३ मिनिटांनी एक किमी धरला तर १८ किमीला ३ तास ५४ मिनिटं, जंगलात साडेअकराने धरला तर अजून ३ तास २७. लगेच निघाली आणि कुठेही एक मिनिट न थांबता चालली तरी ९:१६. सोळा मिनिटांनी हुकतं. शिवाय मऊ वाळूवर चालणं म्हणजे आराम नाही. १९९८ साली बेल्जियममधल्या संशोधकांनी मोजलं होतं, वाळूवर पळायला कडक जमिनीच्या १.६ पट ऊर्जा लागते, पण चालायला २.१ ते २.७ पट. म्हणजे वाळूत चालणाऱ्याला प्रमाणात जास्तच फटका. आम्ही हे उलटं समजत होतो.

पर्याय चार, पाऊणएक तास बसायचं आणि मग रन-वॉकने जायचं. हा मुद्दा आणला तिथल्या एका म्हाताऱ्या स्वयंसेवकाने, किनाऱ्यावरचाच माणूस. तो म्हणाला, "आत्ता जाऊन काय करणार, पाणी पार वर आहे, झाडांच्या मुळाशी मऊ वाळूत पाय ओढत बसाल. जरा दम धरा, पुळण मोकळी होतेय." आणि त्याने बारा भागांचा हिशोब सांगितला. भरती पूर्ण झाल्यावर पहिल्या तासात पाणी एकूण उताराच्या बाराव्या हिश्श्याने उतरतं, दुसऱ्या तासात दोन हिस्से, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग परत दोन आणि एक. म्हणजे साडेबाराची भरती असेल तर दोनला जेमतेम सहावा हिस्सा उतरलेला, पावणेतीनच्या सुमारास तिसरा हिस्सा, साडेतीनला निम्मं. सुरुवातीला पाणी हलतच नाही असं वाटतं आणि मग एकदम पळायला लागतं. वरची वाळू सुकी, मऊ आणि जास्त तिरकी, खाली उघडी पडणारी ओली, कडक आणि बरीच सपाट. म्हणजे तिच्या गुडघ्यालाही तीच बरी.

निर्णय

डॉक्टरांनी अटी घातल्या. आता पाणी पूर्ण बंद, खरी तहान लागली तरच घोट. दुसरी गोळी नाही. लघवी झाल्याशिवाय निघायचं नाही. ७४ आणि ८२ ला थांबून दाखवायचं. आणि कुणीतरी सोबत पळायचं, तिचं बोलणं नीट येतंय का ते बघत. पेसरला परवानगी ६४ पासून होतीच, ते काम माझ्याकडे आलं.

ताईला गोळीचा नकार सगळ्यात जड गेला. "अहो डॉक्टर, सकाळपासून एकच घेतलीय," म्हणाली. डॉक्टरांनी तिला सांगितलं की एकच घेतली म्हणूनच आत्ता तुम्ही खुर्चीत बसलाय, स्ट्रेचरवर नाही. जरा नाट्यमय बोलल्या, पण मुद्दा बरोबर. २०१७ साली छापून आलेल्या एका चाचणीत ८० किमीच्या टप्प्यात आयबुप्रोफेन घेणाऱ्यांपैकी ५२ टक्के लोकांच्या रक्तात किडनीला इजा झाल्याची चिन्हं होती, खोटी गोळी घेणाऱ्यांत ३४ टक्के. म्हणजे नुसतं पळूनच किडनीवर इतका ताण येतो, त्यात गोळीची भर कशाला.

कुणीतरी बाजूने सलाईन लावा असंही सुचवलं. डॉक्टरांनी तेही उडवलं. पाणी आधीच जास्त असताना साधी सलाईन लावली तर सोडियम अजून खाली जाऊ शकतं. अशा गंभीर केसमध्ये ३ टक्क्यांची घट्ट सलाईन देतात आणि ती डॉक्टरांनीच द्यायची असते.

तर पर्याय चार ठरला. सोडायचा पर्याय टेबलवरून गेला नव्हता, पावणेतीनपर्यंत लघवी झाली नाही तर आपोआप पर्याय एक, असं आधीच बोलून ठेवलं. माझ्या मते त्या दिवशीचं सगळ्यात चांगलं काम हेच होतं, कारण बसून असताना ठरवलेली अट पाळली जाते, पळता पळता कुणी काही पाळत नाही.

कृती

५० मिनिटांचा थांबा वाया घालवला नाही. बूट-मोजे काढले, पाय धुतले, आणि पूर्ण सुकू दिले, इथे दहा मिनिटं गेली आणि ती घालवावीच लागतात, ओलसर कातडीवर टेप चिकटत नाही आणि वाळूचा एक कण आत राहिला तरी टेपखाली नवा फोड. चवड्याखालचे फोड निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढलं, वरची कातडी तशीच ठेवली, मग टेप. सुके मोजे, आणि गाडीतल्या सामानातले अर्धा नंबर मोठे बूट, कमी जाळीचे. हे जास्तीचे बूट भावाने हट्टाने भरले होते, त्याचं श्रेय त्याला.

खायला उकडलेला बटाटा मिठात बुडवून, छोटे छोटे तुकडे. मळमळ पंचवीसेक मिनिटांनी कमी झाली. घड्याळातला पाण्याचा अलार्म ताईने स्वतः डिलीट केला. २:३२ ला ती झाडामागून आली ती हात वर करूनच, लघवी झाली होती, तीही भरपूर. क्रूमध्ये इतका आनंद फिनिशलापण झाला नाही.

२:४० ला निघालो. पहिला दीड किमी वरच्या मऊ वाळूतच गेला, तिथे पळायचा प्रयत्नच केला नाही. मग ओल्या पट्ट्यावर उतरलो आणि ४ मिनिटं पळायचं २ मिनिटं चालायचं सुरू केलं. मूळ प्लॅनमधले २५-५ आता शक्यच नव्हते, फोडांवर पंचवीस मिनिटं कोण पळणार. लहान तुकड्यांचा फायदा असा की चालायची वेळ दिसत असते, त्यामुळे चार मिनिटं सहन होतात. लाटा मागे सरकत होत्या तसे आम्हीही खाली सरकत गेलो, दर पाचेक मिनिटांनी टाचेने वाळू दाबून बघायची, पाय रुतला तर अजून दोन पावलं खाली. फार खाली गेलं तरी पाण्याने भरलेली गच्च वाळू परत मऊ लागते, मधला पट्टा धरावा लागतो.

तहान तिला ७१ व्या किमीला लागली. तेव्हा दोन घोट.

निकाल

७४ ला डॉक्टरी तपासणी दोन मिनिटांत झाली, बोलणं साफ, अंगठी फिरायला लागलेली. ८२ ला ५:४३, किनाऱ्याचे १८ किमी ३ तास ३ मिनिटांत, कटऑफच्या ४७ मिनिटं आधी. वजन ५८.४. तिथे बारा मिनिटं थांबलो, हेडलॅम्प लावले, पातळ जाकीट घातलं.

शेवटचं जंगल सपाट असलं तरी अंधारात सगळ्यात धोक्याचं. दमलेल्या रनरचं पाऊल जमिनीपासून दोन बोटं वर उठतं आणि वाटेवरची मुळं तीन बोटं वर असतात. डोक्यावरच्या दिव्याने सगळं सपाट दिसतं, सावलीच पडत नाही, म्हणून मी माझा दिवा कंबरेला बांधून तिच्या जरा पुढे, बाजूने पळत होतो, खालच्या प्रकाशात मुळांच्या सावल्या लांब पडतात आणि दिसतात. तरी दोनदा अडखळली, एकदा गुडघ्यावर पडली, खरचटलं. सरासरी ९:२० ठेवून ८:४३ ला फिनिश. १५ तास ४३ मिनिटं, सतरा मिनिटं शिल्लक.

दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं, सोडियम आणि किडनीचे आकडे ठीक. पण हे दुसऱ्या दिवशीचे आकडे आहेत, ६४ व्या किमीला ते काय होते हे यावरून कळत नाही. त्यामुळे "बघा, काही झालं नव्हतं" असा अर्थ यातून काढू नये.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी भरती. तारीख कळली की त्या दिवशीची भरती किती वाजता हे महिनोन्‌महिने आधी कळतं, त्यात अंदाज-बिंदाज काही नाही. प्लॅन फिनिशच्या टाइमवरून मागे न मांडता दुसऱ्या किनाऱ्याच्या वाळूवरून मांडायला हवा होता. या रेसमध्ये ताईच्या स्पीडच्या माणसाने ६४ ला अडीचच्या आसपास पोचायचं असंच ठरवलं तर सुरुवातीचे २६ किमी निवांत जातात, चालायचे ब्रेक पाळायला कारण मिळतं, आणि वाळू मिळते कडक. गणित करून पाहिलं, ६४ ला अडीच म्हणजे सरासरी ८:५४, थांबे धरून. अगदी आरामात. आणि तिथून तिने शेवटच्या ३६ किमीला प्रत्यक्षात घेतला तेवढाच वेळ, साधारण सहा तास, धरला तरी साडेआठ. म्हणजे दहा मिनिटं लवकरच, तेही फोड न येता. फार वेगवान रनरला हा हिशोब लागू नाही, तो भरती पूर्ण व्हायच्या आधीच दुसरा किनारा संपवतो. मधल्या लोकांची पंचाईत होते.

दुसरं, २६ ला मोजे. ड्रॉप बॅग ३९ ला आहे म्हणून मोजे ३९ ला, हा विचार सोयीचा झाला, पायाचा नाही. एक मोज्याचा जोड पातळ पिशवीत घालून पाठीवर नेता येतो, वजन नगण्य.

तिसरं, पाणी. अलार्म लावून पिणं वाईट असं मी म्हणणार नाही, कडक उन्हात काही लोकांना त्याचा उपयोग होतो. पण आकडा ज्या परिस्थितीत मोजला ती बदलली की आकडाही बदलला पाहिजे. पेस तिसऱ्या हिश्श्याने उतरला, ऊन गेलं, आणि पाणी तेवढंच राहिलं. साधी सवय म्हणजे तहान लागली की प्यायचं, आणि क्रूने निम्म्या अंतरावर एकदा वजन करायचं. ५२ ला काटा असता तर ही सगळी भानगड जवळजवळ दोन तास आधी कळली असती.

गोळीबद्दल फार लिहीत नाही. पाऊचमध्ये ठेवायचीच नाही, म्हणजे प्रश्न मिटला.

आणि पुढे जाणं मुळात बरोबर होतं का? यावर आमच्यात अजून एकमत नाही. माझं मत, लघवी झाली नसती तर नक्कीच चूक ठरलं असतं, झाली म्हणून चालण्यासारखं होतं, आणि तेही डॉक्टर तिथे होते म्हणून. ज्या रेसमध्ये काटा नाही, डॉक्टर नाही, तिथे हीच लक्षणं दिसली तर मी सोडायलाच सांगेन. भावाचं म्हणणं वेगळंच आहे, तो अजून पर्याय दोनवर आहे. त्याने घरी बसून हिशोब केला, लगेच निघाली असती तर मऊ वाळूत पहिल्या पाच-सहा किमीला पंधराएक मिनिटं जास्त गेली असती, पण चाळीस मिनिटं आधी निघाल्यामुळे निव्वळ पंचवीस मिनिटं वाचली असती. हिशोब चुकीचा नाही. थांबणं फुकट नव्हतंच, त्याची किंमत पंचवीस मिनिटं होती आणि कटऑफला सतरा मिनिटं राहिली, म्हणजे अजून दोन-चार गोष्टी बिघडल्या असत्या तर आम्ही हाच थांबा शिव्या देत आठवला असता. फक्त त्याच्या हिशोबात ताई ५९.१ किलोची, न टेप केलेल्या पायांची आणि लघवी न झालेली बाई आहे आणि ती सहा किमी मऊ वाळूत नीट पळतेय, हे मला पटत नाही. त्याला पटतं. पुढच्या वर्षीची तारीख आली आहे, त्या दिवशी भरती सकाळी साडेनऊची आहे, म्हणजे पहिल्या किनाऱ्याचाच शेवट मऊ वाळूत जाणार आणि दुसऱ्याला ओहोटी, सगळा प्लॅन उलटा. ताई नवीन पेस मांडतेय, भाऊ क्रूच्या बॅगेसाठी वजनकाटा बघतोय.